कपाटात सांबार लावला, पण तीन इंचाचा झाला की मान टाकून देते (नागपूर, वरचा मजला)

स्लॅबखालचा, मानेवाडा · २१ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी बुटीबोरीला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकलमध्ये. म्हणून वायरिंग, अर्थिंग, टायमर हे मला कोणी सांगू नका, ते झालेलं आहे. झाडाचं सांगा. झाडाचं माझं ज्ञान म्हणजे लहानपणी सावनेरला मामाच्या संत्र्याच्या बगीच्यात खाल्लेला मार, बाकी शून्य.

झालं असं की भाचा राहतो टोरंटोला. फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर त्यानं त्याचं कपाट उघडून दाखवलं. आत लाइट, पंखा, चार कुंड्या, सगळं कसं चकाचक. आईनं विचारलं, "काय लावलं रे बाळा?" तो म्हणाला, "टमाटर." टमाटर नव्हते ते. तिकडे २०१८ पासून एका घरात गांजाची चार झाडं लावायची परवानगी आहे म्हणे, आणि बाहेर बर्फ, म्हणून कपाटात. मला त्या झाडाशी काही घेणंदेणं नाही. पण कपाट डोक्यात बसलं. तिकडे बाहेर उणे पंधरा असताना आत झाड वाढू शकते, तर इकडे बाहेर पंचेचाळीस असताना आत सांबार काहून नाही वाढणार?

आमच्या घरी सांबाराशिवाय पान हलत नाही. आईला वरणावर पाहिजे, पोह्यांवर पाहिजे, तर्रीवर पाहिजे, आणि पुडाची वडी म्हटली की गड्डीच्या गड्डी. एप्रिल लागला की बाजारातला सांबार घरी येईपर्यंत निम्मा पिवळा होऊन जाते, आणि भाव विचारला की भाजीवाला आकाशाकडे पाहते.

तर सेटअप सांगतो. बेडरूमच्या भिंतीतलं कपाट, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. खालचे दोन कप्पे रिकामे केले. (गोधड्या आणि बायकोचे शालू दिवाणात गेले. यावर घरी दोन दिवस जे झालं ते इथं लिहीत नाही.) आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली. ऑनलाइन मागवलेला जांभळा ग्रो लाइट लावला. पाकिटावर ४५ वॅट छापलं होतं, मी मोजला तर २२ भरला, म्हणून अजून एक मागवला. रोज सोळा तास चालू, पहाटे पाच ते रात्री नऊ. आत लाइट, म्हणून दार बंद ठेवतो, नाही तर उजेड वाया जाते. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं-अर्धं.

धणे घरातलेच, इतवारीच्या किराण्यातून आणलेले. तसेच पेरले. बारा दिवसांत शंभरातले वीस-बावीस निघाले असतील. जे निघाले ते सुतासारखे उंच, पांढरट, तीन इंचाचे झाले की बुडाशी दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे. सकाळी उभा पाहिलेला संध्याकाळी झोपलेला. तीन वेळा पेरून झालं, तिन्ही वेळा हेच.

पाणी रोज देतो. सकाळची शिफ्ट करून साडेतीनला घरी येतो, आल्या आल्या पहिलं काम तेच.

माझा अंदाज असा की उजेड कमी पडून राहिला. अजून दोन लाइट घेऊ का? बायको म्हणते आधी विचार, मग पैसे घाल.

---

पेठेतला · २१ एप्रिल

माफ करा, पण सांबार कपाटात कसा लावतात? आमच्याकडे तो इडलीबरोबर येतो.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · २१ एप्रिल

कोथिंबीर हो. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि पुडाची वडी, म्हणजे सांबारवडी, ही तुमच्या कोथिंबीरवडीची मोठी बहीण. कधी नागपूरला या, खाऊ घालतो.

---

बीरुजवण · २२ एप्रिल

भाऊ, मी महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयातून शिकले, नंतर बरीच वर्षं रोपवाटिका सांभाळली. तुमचं वाचून हसूही आलं आणि त्या रोपांची कीवही आली.

अजून लाइट घेऊ नका. आधी मला दोन गोष्टी सांगा. कपाटात दार बंद असताना तापमान किती असतं? आणि ते कपाट कोणत्या दिशेच्या भिंतीत आहे?

उत्तर येईपर्यंत बाकीचं सांगते.

धण्याचा दाणा म्हणजे एक बी नाही, ते फळ आहे. आत दोन बिया असतात. अख्खा पेरला तर उगवायला वेळ लागतो आणि उगवण विरळ होते. फरशीवर पसरून वरून चपलेनं किंवा लाटण्यानं हलकं रगडायचं, दोन डाळी वेगळ्या झाल्या पाहिजेत, चुरा नको. मग रात्रभर भिजवून पेरायचे, पाऊण-एक सेंटीमीटर खोल. किराण्यातले धणे किती जुने, किती उन्हात पडलेले, काही सांगता येत नाही. कृषी केंद्रातून बियाणं आणा. मात्र त्या बियाण्याला गुलाबी किंवा हिरवा रंग असेल तर ते औषध चोळलेलं असतं. उरलेले धणे चुकूनही डब्यात टाकू नका. एकदा आमच्या नात्यातल्या एका सुनेनं टाकले होते, वेळीच दिसले म्हणून बरं.

रोप सुतासारखं उंच होतं ते उजेड शोधतं म्हणून. तेवढा तुमचा अंदाज बरोबर. पण बुडाशी दोऱ्यासारखं होऊन आडवं पडतं, तो वेगळा रोग. त्याला मर म्हणतात, रोपं कोलमडणं. माती सतत ओली, हवा कोंडलेली आणि ऊब, हे तिन्ही एकत्र आले की बुरशी बुडाशी धरते. दार बंद ठेवून तुम्ही तिला पाहुण्यासारखं घरात घेतलं आहे. त्या ट्रेमधली माती फेका, ट्रे धुऊन उन्हात टाका. नव्या मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी) मिसळा, आणि वरचा थर बोटाला कोरडा लागल्याशिवाय पाणी देऊ नका. गांडूळखत अर्धं नको, पाव पुरे. बीच्या पोटात पहिले काही दिवस पुरेल एवढा डबा त्याचा त्यानं बांधून आणलेला असतो.

आता लाइट. जांभळ्या लाइटमध्ये लाल आणि निळा रंग असतो, पान ते दोन्ही जास्त शोषतं, हे खरं. पण साध्या पांढऱ्या एलईडीतही निळा असतो, लाल असतो, हिरवाही असतो, आणि हिरवा पानांच्या थरातून खालपर्यंत उतरतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं की करपलं ते डोळ्याला कळत नाही. सगळंच वांग्यासारखं दिसतं. दोन फुटी पांढऱ्या बॅटन (पट्टीसारखे एलईडी दिवे) घ्या, दहा-दहा वॅटच्या सहा, रोपांपासून वीतभर वर. मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप टाका. रोपांच्या उंचीवर दहा हजार लक्सच्या आसपास दिसलं आणि रोज चौदा तास मिळालं तर पालेभाजीला चालून जातं. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स असतं, म्हणजे टमाटर-मिरचीची स्वप्नं या सहा बॅटनवर पाहू नका. (जांभळ्या लाइटखाली ते ॲप लावू नका, लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतात, आकडा खोटाच येणार.)

फॉइल काढून टाका. सुरकुतलेली फॉइल एका ठिकाणी चकाकते आणि दुसऱ्या ठिकाणी अंधार. सपाट पांढरा रंग किंवा चुन्याचे दोन हात त्याहून चांगले.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · २२ एप्रिल

ताई, खूप धन्यवाद. दुपारी अडतीस-एकोणचाळीस दाखवते आत. मला वाटलं लाइटची गर्मी आहे. कपाट पश्चिमेच्या भिंतीत आहे. त्यानं काय होते?

---

बीरुजवण · २२ एप्रिल

एक दिवस लाइट पूर्ण बंद ठेवा आणि थर्मामीटर आतच राहू द्या. दर दोन तासांनी लिहून काढा. मग बोलू.

---

कोर्टाच्या पायरीवर · २३ एप्रिल

विषयाला थोडं सोडून, पण सांगून ठेवतो. जांभळा लाइट खिडकीतून बाहेर दिसत असेल तर शेजारी काय समजतील याचा विचार केला का? भाच्याचं तिकडे ठीक. इकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५. कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावायलाच बंदी, आणि कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर एक लाखापर्यंत दंड. "एकच झाड होतं साहेब", "कुंडीत होतं साहेब" याला काही अर्थ नसतो. तुम्ही कोथिंबीर लावता, तुम्हाला भीती नाही. पण ते सिद्ध करायला पंच घरात आले तर आईला चहा किती कप करावा लागेल ते मोजा.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · २३ एप्रिल

वकीलसाहेब, तुम्ही सांगायच्या आधीच होऊन गेलं. समोरच्या बिल्डिंगमधले काका मागच्या आठवड्यात जिन्यात भेटले. आधी म्हणाले, "काय, डिस्को लावला का घरात?" मग आवाज बारीक करून, "माझा पोरगा म्हणते असा लाइट कशाला लावतात ते त्यानं मोबाईलवर पाहिलं आहे. तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती." हात धरून घरी आणलं, कपाट उघडून दाखवलं. काकांनी खाली वाकून एक पान तोडलं, चुरगाळून वास घेतला आणि म्हणाले, "हे तं मेलं आहे." गेले.

---

वावरातला · २३ एप्रिल

काहून बाप्पा कपाटात जीव घेऊन राह्यला त्या सांबाराचा? आमच्या इकळे, कळमेश्वरले, उन्हाळ्यात सांबार घ्यायचा तं हिरव्या जाळीखाली घेते, तरीबी लवकर फुलावर येते. त्याले थंडी पायजे. दिवाळीनंतर पेर, न पाह्यता येते. उन्हाळ्यात चवळई लाव, लाल माठ लाव, त्याले ऊन मानवते. लाइटबिईट काही लागत नाही, गच्चीवर टाक.

एक मात्र सांग, पाणी कोणतं देतं?

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · २५ एप्रिल

ताई, आकडे घ्या. काल सुट्टी होती. लाइट दिवसभर बंद, दार बंद.

सकाळी सहा ३१, दहा ३२, बारा ३४, दोन ३६, चार ३८, सहा ४०, रात्री आठ ४१, दहा ३९. बाहेर बाल्कनीत सावलीत सर्वांत जास्त ४३ होतं, तेही चारच्या सुमारास. म्हणजे बाहेर उतरून राहिलं तेव्हा आत चढून राहिलं.

रात्री आठला कपाटाच्या आतल्या भिंतीवर हात ठेवला. पोळीचा तवा गॅसवरून उतरवून दहा मिनिटांनी जसा लागतो तसा. नऊ इंची वीट, दुपारभर पश्चिमेचं ऊन पिते आणि रात्री आत ओकते. वर स्लॅब. आणि मी दार लावून तिथं लाइट सोडले. आम्ही कंपनीत पॅनेल गरम झालं की आधी पाहतो पॅनेल कुठं बसवलं आहे ते. घरी पाहिलं नाही.

वावरातल्या भाऊंचा प्रश्न वाचून मात्र पाय गार पडले. पाणी नळाचं, म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं. दुपारी साडेतीनला. आज मोजलं: ४६. मी रोज त्या रोपांना चहा पाजत होतो.

---

बीरुजवण · २५ एप्रिल

तवा बरोबर पकडला. सांबाराच्या बीला उगवायला वीसच्या आसपास लागतं. तिशीच्या वर उगवण घसरते, आणि झाड जगलंच तर गर्मीनं पान सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतं. भाच्याचं कपाट चालतं कारण त्याच्या भिंतीपलीकडे गारवा आहे, त्याला लाइटची गर्मी फुकटात कामी येते. तुमच्या भिंतीपलीकडे चूल आहे.

जागा बदला. पश्चिम आणि दक्षिण सोडून आतली भिंत शोधा, ज्या खोलीत कूलर चालतो तिथली. दार काढून टाका. बंद कपाटच पाहिजे असा हट्ट असेल तर वरच्या बाजूला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकणारा, खाली हवा आत यायला भोक. तुम्हाला हे मी काय सांगू.

आणि लाइटची वेळ उलटी करा. झाडाला चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार हवा, तो घड्याळात कधी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रात्री आठ ते सकाळी दहा लावा. दिव्याची गर्मी रात्रीच्या गारव्यात पडेल, दुपारी रोपं अंधारात स्वस्थ राहतील. बॅटनचे साठ वॅट गुणिले चौदा तास, दिवसाला युनिटही पुरतं होत नाही, महिन्याला पंचवीसेक. तुमच्या वीजबिलाचा दराचा स्लॅब त्यानं बदलणार असेल तर मात्र बायकोचं ऐका.

पाणी रात्री बादलीत काढून ठेवा, सकाळी द्या. माठातलं दिलं तरी चालेल. कूलरच्या टाकीतलं देऊ नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रोज घट्ट होत जातात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच पानांच्या कडा जाळतो.

आणि वावरातले भाऊ चुकीचं बोलत नाहीत. मे महिन्यात हा उद्योग हौसेचाच आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, मीसुद्धा सांबाराच्या नादी लागत नाही, पसरट डब्यात मोहरी आणि मेथी पेरते, आठ-दहा दिवसांत वीतभरसुद्धा होऊ न देता कापते. ती पोह्यांवर टाका, आईंना आवडते का पाहा.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · ३० एप्रिल

जागा मिळाली. हॉलमधली शोकेस. उत्तरेची आतली भिंत, समोर कूलर. आत काय होतं: लग्नात आलेला डिनर सेट जो वीस वर्षांत एकदाही जेवणाला निघाला नाही, काचेची दोन हरणं, बाबांची रिटायरमेंटची ट्रॉफी, आणि दीक्षाभूमीचा छोटा स्तूप. ट्रॉफी आणि स्तूप वरच्या कप्प्यात ठेवले, त्यांना हात लावायची माझी हिंमत नाही. बाकी दिवाणात, शालूंच्या सोबतीला. सरकत्या काचा काढल्या.

आता पाहुणे आले की सोफ्यावर बसतात आणि सरळ समोर सांबार. पांढरा लाइट आहे, देवघरासारखा दिसते. काकाही येऊन पाहून गेले.

पहिली रात्र मोजली: ३०. कूलर चालू, खस भिजलेली. दुपारी अंधारात ३२. रगडलेले धणे काल पेरले.

एक शंका. कूलरची हवा सरळ ट्रेवर येऊन राहिली. चालेल का?

---

बीरुजवण · ३० एप्रिल

झुळूक चालेल, झोत नको. पान हललं पाहिजे, माती सुकली नाही पाहिजे. पाच-सहा दिवसांत बारीक काळ्या चिलटांसारख्या माश्या दिसल्या तर समजा पाणी जास्त होतंय. पिवळं चिकट कार्ड लावा आणि हात आखडता घ्या.

---

पेठेतला · १२ मे

सांबाराचं पुढे काय झालं? मी रोज बघतोय.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · १२ मे

अकराव्या दिवशी मोजले, शंभरात अठ्ठावन्न. यावेळी पेन्सिलीच्या शिसासारखं बूड आहे, दोऱ्यासारखं नाही. दोन पानांनंतरचं पहिलं कातरलेलं पान काल दिसलं. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "आता वाटते सांबार." डाव्या कोपऱ्यातले चार आडवे झाले. तिथं बॅटन पोहोचत नाही, लक्स चार हजार दाखवते. ट्रे रोज फिरवून राहिलो.

बाहेर ४५ आहे. परवा रात्री दोन तास लाइन गेली, इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही, आतलं ३४ झालं. आम्ही सगळे हॉलमध्येच झोपलो, सांबाराजवळ.

---

स्लॅबखालचा, मानेवाडा · ८ जून

चाळिसाव्या दिवशी कापला. मुळासकट नाही, वरून. सगळा मिळून एक जुडी, बाजारातल्या जुडीच्या निम्मी. पान बारीक आहे, बाजारच्यासारखं फताडं नाही, पण वास असा की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय कापलं?" दोन झाडं मधूनच दांडा काढून फुलावर गेली, ती ठेवली आहेत, धणे धरतात का ते पाहतो.

पुडाच्या वड्या पाच झाल्या. आईला दोन, बायकोला एक, मला एक. पाचवी काकांकडे पाठवली.

बिल आलं. लाइटचं काही जाणवत नाही, कूलरचं जाणवते. पण तो तसाही चालतच होता.

मृगाचा पाऊस अजून नाही, पण वारा फिरला आहे. वावरातले भाऊ, दिवाळीनंतर गच्चीवर पेरायचं म्हणता, तर एका वाफ्याला धणे किती लागतील? आणि काकांना पण लावायचा आहे. त्यांचं कपाट दक्षिणेला आहे, मी सांगितलं आधी थर्मामीटर ठेवा.

---

वावरातला · ९ जून

दहा बाय तीन फुटाच्या वाफ्याले मूठभर पुरते. रगडून घे. अन् काकाले सांग, शोकेस रिकामी कर.